मिठागर, डबके आणि बीज : जीवोत्पत्तीच्या विज्ञानातील रूपके

पृथ्वीवर जीव कसा अवतरला, हे कोणी पाहिलेले नाही. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे आणि ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सूक्ष्मजीवांनी घडवलेले सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे थर सापडले आहेत. या दोन टप्प्यांच्या मध्ये केव्हातरी ही घटना घडली. त्या काळातले बहुतेक खडक वितळून, दबून, झिजून गेले. पहिल्या सजीवाचा कोणताही अवशेष उरला नाही. अशा विषयाचा विचार ओळखीच्या वस्तूंच्या आधारानेच करावा लागतो. त्यामुळे जीवोत्पत्तीच्या विज्ञानाची भाषा रूपकांनी भरलेली आहे. कोमट डबके, आदिम सूप, जीवनाचे बीज, जीवनवृक्ष, जनुकीय संकेत, आरएनएचे जग ही त्यांतली ठळक उदाहरणे. ही रूपके केवळ समजावून सांगण्याच्या सोयीची नाहीत. प्रयोगात कोणते पदार्थ घ्यायचे, ते उकळायचे की वाळवायचे, नमुने कुठून आणायचे, हे अनेकदा त्यांनीच ठरवले आहे.

या रूपकांतली उपमाने प्रत्यक्ष पाहायची तर रायगड जिल्ह्याचा किनारा सोयीचा आहे. उरण-पेणची मिठागरे, अलिबागपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या खडकांवर भरतीने भरणारी डबकी, खाड्यांच्या खाजणातला काळा चिखल, पालीजवळच्या उन्हेरे आणि महाडजवळच्या सव येथील गरम पाण्याचे झरे, बेसाल्ट झिजून झालेली चिकणमाती, हे सारे एका जिल्ह्यात आहे. जीव येथे जन्मला असे मात्र कोणी म्हणत नाही, म्हणता येणारही नाही. येथला बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तो साचू लागला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते. किनाऱ्याचा उपयोग आहे तो उपमान प्रत्यक्षात कसे वागते हे समजून घेण्यापुरता.

उपमेचे रूपक होते तेव्हा

संस्कृत अलंकारशास्त्राने उपमा आणि रूपक वेगळी मानली. उपमेत ‘सारखे’ असे म्हटलेले असते आणि दोन्ही वस्तू वेगळ्या राहतात. रूपकात उपमेय आणि उपमान एकच मानले जातात. विज्ञानातही सुरुवात बहुधा उपमेने होते. ‘आरंभीचा समुद्र सूपसारखा असावा’ ही उपमा झाली. काही वर्षांत ‘सारखा’ गळून पडतो आणि पाठ्यपुस्तकात ‘आदिम सूप’ स्थिरावते. पुढच्या पिढीला ते रूपक आहे याचीही आठवण राहत नाही.

जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०मध्ये असे मांडले की, रूपक ही केवळ कवींची मिरासदारी नाही, रोजचा विचारच रूपकांवर चालतो. मराठीतही वेळ खर्च होतो, वाचतो, वाया जातो. वेळेकडे पैसा म्हणून पाहत आहोत हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. विज्ञानातल्या रूपकांसाठी त्याआधीच, १९६०च्या दशकात, ब्रिटिश तत्त्वज्ञ मेरी हेसी यांनी एक उपयोगी पद्धत सुचवली होती. कोणत्याही तुलनेचे तीन भाग पाडावेत : जुळणारा, न जुळणारा आणि अजून न ठरलेला. यांपैकी तिसरा भाग विज्ञानाच्या खऱ्या कामाचा, कारण प्रयोग करून पाहण्याजोगे प्रश्न तिथे असतात. जीवोत्पत्तीच्या प्रत्येक रूपकाला हीच कसोटी लावता येते.

चार खाणी आणि बंद बाटली

जीव कुठून येतो या प्रश्नाला जुन्या भारतीय विचारात वर्गीकरणाचे उत्तर होते. जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज अशा चार प्रकारांनी प्राणी आणि वनस्पती जन्मतात, असे मानले जाई. मराठी संतसाहित्यात यांना ‘चार खाणी’ म्हणतात. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त हा विषय येतो. हा ग्रंथ महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत लिहिला गेला, अशी परंपरा आहे. चारांपैकी स्वेदज हा प्रकार येथे महत्त्वाचा. घाम, ओल आणि ऊब यांतून उवा, किडे यांसारखे क्षुद्र जीव आपोआप उपजतात, अशी त्यामागची समजूत. खाणीतून जसे खनिज निघते तसा ओलसर उबेतून जीव निघतो, असे हे चित्र आहे.

युरोपातही सडक्या मांसातून अळ्या आणि चिखलातून बेडूक आपोआप जन्मतात असे मानत. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडी यांनी १६६८मध्ये मांसाची भांडी झाकून ठेवली आणि झाकलेल्या भांड्यांत अळ्या होत नाहीत हे दाखवले. सूक्ष्मजीवांचा प्रश्न मात्र १८६०च्या सुमारापर्यंत लोंबकळत राहिला. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी बाकदार मानेच्या चंबूत उकळलेला रस ठेवला. हवा आत जात होती, धूळ मानेच्या बाकात अडकत होती, आणि रस नासत नव्हता. जीवापासूनच जीव होतो, हे यातून सिद्ध झाले.

या निकालाने एक दार बंद केले आणि दुसरा प्रश्न उभा केला. प्रत्येक जीव आधीच्या जीवापासून होत असेल, तर पहिला कोणापासून झाला? उत्तराच्या दोनच वाटा उरल्या. पृथ्वीवरच, अतिशय वेगळ्या परिस्थितीत, रसायनांतून तो हळूहळू घडला असेल. नाहीतर बाहेरून आला असेल. पहिल्या वाटेवर डबके आणि सूप ही रूपके आली, दुसऱ्या वाटेवर बीज.

डबके : ओल आणि वाळवण

चार्ल्स डार्विन यांनी १८७१मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात एका लहानशा कोमट डबक्याची कल्पना केली. त्यात अमोनिया आणि फॉस्फरसचे क्षार आहेत, प्रकाश, उष्णता आणि वीज उपलब्ध आहे, आणि त्यातून प्रथिनासारखा पदार्थ तयार होतो. आज असा पदार्थ तयार झाला तर कोणीतरी जीव तो लगेच खाऊन टाकील, पण जीवसृष्टीच्या आधी तसे झाले नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे डबके खासगी पत्रातल्या चार ओळींपुरते होते. तरी पुढे दीडशे वर्षे ते विज्ञानाच्या कल्पनेत टिकून राहिले.

किनाऱ्यावरचे डबके प्रत्यक्षात कसे वागते, हे हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेखालच्या खडकांत किंवा अलिबागच्या कुलाबा किल्ल्याभोवतीच्या कातळावर दिसते. लाटांनी सपाट झालेल्या खडकाला खळगे पडलेले असतात. खालच्या पातळीवरचे खळगे दिवसातून दोनदा भरतात, कारण एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा ठोकताळा याच हिशेबावर उभा आहे. वरच्या पातळीवरच्या खळग्यांची गोष्ट वेगळी. तिथे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाचेच पाणी पोहोचते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी खालीच थांबते, आणि वरचा खळगा उन्हात वाळत जातो. आधी कडेला मिठाची पांढरी रेघ उमटते, मग तळाशी चिकट साका राहतो, पुढे तोही सुकतो. पुढच्या उधाणाला सगळे पुन्हा भिजते. म्हणजे एकाच कातळावर दोन ताल चालू असतात : एक अर्ध्या दिवसाचा, दुसरा सुमारे पंधरवड्याचा.

जीवोत्पत्तीच्या रसायनशास्त्राला हा ताल फार मोलाचा वाटतो. प्रथिनांचे घटक असलेली दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आरएनएची साखळी वाढतानाही तेच होते. भोवती पाणीच पाणी असेल तर ही जोडणी उलट्या दिशेने जाते, साखळी तुटते. वाळताना पाणी निघून जाते आणि साखळी वाढते. पुन्हा भिजल्यावर पदार्थ मिसळतात, नव्या जोड्या जमतात. सतत भिजलेल्या किंवा सतत कोरड्या जागेपेक्षा आळीपाळीने भिजणारी आणि वाळणारी जागा म्हणूनच अधिक अनुकूल ठरते. जीवोत्पत्तीच्या काळी चंद्र पृथ्वीच्या अधिक जवळ होता आणि दिवस लहान होता. त्यामुळे भरत्या आजच्यापेक्षा मोठ्या आणि अधिक वेळा येत असाव्यात, असाही विचार मांडला गेला आहे.

अमेरिकेत डेव्हिड डीमर यांनी या तालावर दीर्घकाळ काम केले. मेदाचे रेणू वाळताना थरांवर थर रचतात. आरएनएचे घटक त्या थरांमध्ये अडकतात आणि जोडले जातात. पाणी आल्यावर थर फुगून त्यांच्या सूक्ष्म पिशव्या होतात आणि साखळ्या त्यांत बंदिस्त होतात. या दिशेचे एक महत्त्वाचे संशोधन २००८मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात डीमर यांच्यासोबत सुधा राजमणी होत्या. राजमणी यांचा गट आता पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत याच विषयावर काम करतो. या गटाने लडाखच्या गरम झऱ्यांचे पाणी वापरूनही प्रयोग केले. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात सहज बनणाऱ्या पिशव्या खऱ्या झऱ्याच्या पाण्यात तशाच बनतील असे नसते. मिश्र मेदांच्या पिशव्या जास्त टिकाव धरतात.

डार्विन यांच्या डबक्यातला न ठरलेला भाग अशा रीतीने प्रयोगात उतरला. त्यांनी ऊब आणि क्षार यांचा विचार केला होता. डबक्याचे वाळणे हा त्याचा सर्वांत उपयोगी गुण असेल, हे नंतरच्या लोकांनी शोधले.

सूप : काचेच्या चंबूतला समुद्र

रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४मध्ये आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२९मध्ये असे मांडले की, प्राणवायूविरहित वातावरणात सेंद्रिय पदार्थ तयार होऊन समुद्रात साठत गेले असावेत. त्या समुद्राला हॉल्डेन यांनी ऊन, पातळ सूपची उपमा दिली. हॉल्डेन पुढे भारतात आले. १९५७मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वर येथे वारले. मृत्यूच्या आदल्या वर्षी फ्लोरिडातल्या एका परिषदेत ओपारिन आणि त्यांची गाठ पडली, तेव्हा कल्पनेचा पहिला मान ओपारिन यांचा असल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

शिकागोमध्ये हॅरोल्ड युरी यांचे विद्यार्थी स्टॅन्ली मिलर यांनी हे रूपक काचेत उतरवले. त्यांच्या उपकरणात खालच्या चंबूतले उकळते पाणी म्हणजे समुद्र, वरच्या चंबूतले मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन म्हणजे वातावरण, आणि विद्युत ठिणग्या म्हणजे विजा. आठवडाभरात पाणी रंगले आणि त्यात ग्लायसीन, अॅलनीन यांसारखी अमिनो आम्ले सापडली. मे १९५३मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि सूप घरोघरी पोहोचले.

जुळणारा भाग एवढाच की, साध्या वायूंपासून सजीवांचे घटक आपोआप बनू शकतात. न जुळणारा भाग मोठा आहे. आरंभीच्या वातावरणात मिथेन आणि अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत, असे बहुतेक भूवैज्ञानिक आज मानतात. अशा मिश्रणातून अमिनो आम्ले पुष्कळ कमी मिळतात. दुसरी अडचण सूपच्या पातळपणाची. महासागरभर पसरलेले पदार्थ एकमेकांना भेटणार कसे? सूपमध्ये कोणीतरी घटक मोजून घातलेले असतात आणि ते भांड्यात मावते. समुद्राला भांडे नाही.

या अडचणीचे स्वरूप मिठागरात नीट कळते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम साधे मीठ. भरतीचे पाणी आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत वाळवत गेले की, आधी कॅल्शियम कार्बोनेट आणि मग जिप्सम खाली बसते. पाणी मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले की मिठाचा रवा धरू लागतो. मीठ ओढून राशी केल्यावर जे कडू पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. नुसत्या वाळण्याने पदार्थ अनेक पटींनी दाट होतात आणि एकमेकांपासून वेगळेही होतात. सूपवाद्यांना हवे असलेले दाटपण असे मिळू शकते.

पण त्यासोबत मीठही दाटते, आणि ते घातक ठरते. समुद्रातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मेदाम्लांच्या पिशव्या मोडून टाकतात. शिवाय समुद्राच्या पाण्यात सोडियम वजनाने पोटॅशियमच्या सुमारे २७ पट असते, तर सजीव पेशीच्या आत उलट पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असते. या फरकावर बोट ठेवून आर्मेन मुल्कीजानियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये असे मांडले की, पहिल्या पेशी समुद्रात न घडता जमिनीवरच्या गरम झऱ्यांच्या, वाफेच्या क्षेत्रांत घडल्या असाव्यात. समुद्र ही जीवसृष्टीची आई, हे रूपक सर्वांच्या तोंडी असले तरी रसायनशास्त्रात त्याला असा विरोध आहे.

रायगडमधले उन्हेरे आणि सव येथील झरे हे गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या गरम झऱ्यांच्या पट्ट्यातले आहेत. जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाऊन तापते आणि वर येते. मुल्कीजानियान यांच्या मांडणीतले झरे ज्वालामुखीच्या वाफेने तापलेले होते. कोकणातले झरे ही त्यांची सौम्य, दूरची भावंडे म्हणावी लागतील.

मिठाचे पीक आणि मातीची जनुके

रायगडात मीठ ‘पिकवतात’. पावसाळा सरल्यावर बांध-वाफे दुरुस्त होतात, उन्हाळ्यात पीक येते, पहिल्या पावसाआधी ते उचलावे लागते. भाषेने निर्जीव रव्याला शेतीची क्रिया दिली आहे, आणि त्यात थोडे तथ्य आहे. स्फटिक वाढतो, आपल्या रचनेची पुनरावृत्ती करतो, लहान स्फटिक टाकला तर त्याभोवती नवा जमतो. मग तो सजीव का नाही?

ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम केर्न्स-स्मिथ यांनी १९६६पासून हा प्रश्न गंभीरपणे मांडला. मिठाऐवजी त्यांनी चिकणमातीचे स्फटिक घेतले. मातीच्या स्फटिकांत दोष असतात, आणि वाढताना ते दोष पुढच्या थरात उतरतात; म्हणजे ते एक प्रकारची आनुवंशिकता दाखवतात. पहिली जनुके मातीची होती आणि सेंद्रिय रेणूंनी नंतर त्यांची जागा घेतली, असा त्यांचा तर्क होता. स्फटिकातले दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून निवडले जातात, हे मात्र प्रयोगात समाधानकारकपणे दिसले नाही.

मातीचा दुसरा, साधा उपयोग टिकला. जेम्स फेरिस यांनी १९९०च्या दशकात दाखवले की मॉण्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या पृष्ठभागावर आरएनएचे घटक जोडले जाऊन साखळ्या होतात. ही माती बेसाल्ट झिजून तयार होणाऱ्या मातीत, म्हणजे महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत, विपुल आहे. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइट हे खनिजही याच चर्चेत आले. त्याच्या सूक्ष्म छिद्रांच्या आत रेणू सुरक्षितपणे जोडले गेले असतील, असे जोसेफ स्मिथ यांनी १९९८मध्ये सुचवले. मातीतून माणूस घडवणाऱ्या कुंभाराची कथा जगभर आहे. विज्ञानात कुंभार गळाला आणि माती राहिली.

काळा चिखल आणि खारबांध

खाजणात पाय रुतला की खालून काळा चिखल आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. वास हायड्रोजन सल्फाइडचा, काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा. म्युनिकचे पेटंट वकील आणि रसायनशास्त्रज्ञ गुंटर वेख्टरशॉयझर यांनी १९८८मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताच्या केंद्रस्थानी हेच खनिज आहे. लोह-गंधकाच्या पृष्ठभागावर कार्बन स्थिर करणारी रासायनिक चक्रे आधी सुरू झाली, जनुके नंतर आली, असे त्यांचे म्हणणे. खाजणातले सल्फाइड मात्र जीवाणूंनी केलेले असते. ते जीवसृष्टीचे फळ आहे, मूळ नव्हे. उपमान समोर असले तरी कार्यकारणाची दिशा उलटी असू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९७७मध्ये गॅलापागोसजवळ समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे सापडले, आणि २०००मध्ये अटलांटिकच्या तळाशी ‘लॉस्ट सिटी’ हे अल्कधर्मी झऱ्यांचे क्षेत्र. मायकेल रसेल आणि विल्यम मार्टिन यांच्या मते अशाच अल्कधर्मी झऱ्यांत जीव सुरू झाला. त्यामागची कल्पना ऊर्जेची आहे. पीटर मिचेल यांनी १९६१मध्ये मांडले होते की पेशी आपल्या पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनांचा चढ-उतार ठेवते आणि प्रोटॉन परत येताना त्यातून काम करून घेते. पाठ्यपुस्तके यासाठी धरणाची उपमा देतात.

रायगडची खारबंदिस्ती या जागी अधिक चपखल बसते. खारबांधाच्या बाहेर भरतीचे पाणी चढते, आत शेताची पातळी खाली असते, आणि उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी कोणत्या वेळी कोणत्या दिशेला जाईल हे दोन्ही बाजूंच्या पातळीवर ठरते. बाहेरचे पाणी कोणी उपसून चढवत नाही; भरती ते फुकट चढवते. अल्कधर्मी झऱ्याच्या खनिज भिंतीच्या आत अल्कधर्मी द्रव आणि बाहेर आम्लधर्मी आदिसमुद्र, असा फरक भूगर्भानेच फुकट पुरवला होता. आजची पेशी तो स्वतः ऊर्जा खर्चून राखते. खनिजाची पातळ भिंत हा फरक पुरेसा काळ धरून ठेवू शकली का, हा मात्र न ठरलेला भाग आहे आणि प्रयोगशाळांत त्यावर काम चालू आहे.

संकेत : न लिहिलेली लिपी

भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३मध्ये डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांत गुणसूत्रात सजीवाच्या घडणीची सांकेतिक लिपी असते असे म्हटले. त्यानंतर सारे जीवशास्त्रच भाषेच्या रूपकात बोलू लागले. डीएनएवर मजकूर आला, त्याची प्रत निघू लागली, संदेशवाहक आरएनए आला, त्याचे प्रथिनांत भाषांतर होऊ लागले. मार्शल निरेनबर्ग यांनी १९६१मध्ये पहिला शब्द उलगडला. हरगोविंद खुराना यांनी कृत्रिम साखळ्या तयार करून उरलेल्या शब्दांचे अर्थ लावायला मोठी मदत केली. १९६८चे नोबेल या दोघांना रॉबर्ट हॉली यांच्यासह मिळाले. चार अक्षरे, तीन अक्षरी ६४ शब्द, २० अमिनो आम्ले आणि तीन पूर्णविराम, असा हा कोश आहे.

हे रूपक इतके यशस्वी ठरले की त्याचा न जुळणारा भाग झाकला गेला. लिपीला लिहिणारा आणि वाचणारा असतो. पेशीत कोणीच वाचत नाही; रेणू आकार आणि विद्युतभार यांनुसार एकमेकांना चिकटतात. ‘हा संकेत कोणी लिहिला?’ हा प्रश्न निसर्गातून आलेला नाही, शब्दातून आलेला आहे. खरा प्रश्न असा की, अमुक तीन अक्षरांना अमुक आम्ल का? फ्रान्सिस क्रिक यांनी १९६८मध्ये त्याला गोठलेला अपघात म्हटले : एकदा ठरले, मग बदलणे प्राणघातक झाले. काही आरएनए तुकडे विशिष्ट अमिनो आम्लांना आपणहून धरतात, असेही आढळले आहे. त्यामुळे सगळाच अपघात नसावा, असे मानणारेही आहेत.

मजकूर डीएनएत, पण तो उतरवणारी यंत्रणा प्रथिनांची, आणि प्रथिने बनवायला मजकूर हवा. कोंबडी आधी की अंडे, असा हा पेच १९८०च्या दशकात सैल झाला. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी आरएनए स्वतःही रासायनिक काम करतो हे दाखवले. वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६मध्ये त्यावरून ‘आरएनएचे जग’ हा शब्दप्रयोग केला. प्रथिने जोडणाऱ्या रायबोसोमच्या गाभ्याशी आरएनएच आहे, हे २०००मध्ये त्याची रचना उलगडल्यावर पक्के झाले. मात्र ‘जग’ म्हटले की फक्त आरएनएने भरलेली पृथ्वी डोळ्यांपुढे येते. तसे असण्याची गरज नाही. मेद, पेप्टाइडे आणि खनिजे बरोबरीने असणार.

बीज आणि वृक्ष

जीव बाहेरून आला, ही कल्पना बीजाच्या रूपकावर चालते. लॉर्ड केल्विन यांनी १८७१मध्ये बीज वाहून आणणाऱ्या उल्कांची शक्यता बोलून दाखवली, स्वान्ते अऱ्हेनियस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिला शास्त्रीय रूप दिले, फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी ती पुढे नेली. कोल्हापूरला जन्मलेले आणि पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञान संस्था उभारणारे डॉ. जयंत नारळीकर यांनी ती तपासायला घेतली. त्यांच्या पुढाकाराने इस्रोने हैदराबादहून फुगे सोडून उंच वातावरणातल्या हवेचे नमुने गोळा केले. पहिले उड्डाण जानेवारी २००१चे, दुसरे एप्रिल २००५चे. दुसऱ्या वेळी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ आणि पुण्याच्या ‘एनसीसीएस’ या जीवविज्ञान संस्थांनी त्यांचा अभ्यास केला, आणि एका जातीला हॉईल यांचे नाव देण्यात आले. हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी तेव्हाच स्पष्ट केले होते.

बीज सुप्त राहते आणि दूरवर जाते, हा जुळणारा भाग. पण बीजाला मूळ झाड असते. त्यामुळे हे रूपक प्रश्न सोडवत नाही, दुसऱ्या ग्रहावर ढकलते. १९६९मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत अमिनो आम्ले सापडली, तेव्हा आकाशातून बी आले नसले तरी कच्चा माल आला, एवढे दिसले.

वृक्षाचे रूपक डार्विन यांच्या १८५९च्या ग्रंथातले. त्यातली एकमेव आकृती फांद्या फुटणारी आहे. कार्ल वूस यांनी १९७७मध्ये या वृक्षाला आर्किया या सूक्ष्मजीवांची तिसरी मोठी शाखा जोडली. मिठागरांत पाणी अतिशय दाटले की कधीकधी गुलाबी छटा येते. ती आणणाऱ्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांपैकी अनेक आर्किया आहेत. सूक्ष्मजीव जनुकांची आडवी देवाणघेवाणही करतात, त्यामुळे झाडाच्या बुंध्यापाशी फांद्यांचे जाळे झालेले असते. वृक्षाच्या मुळाशी असलेला सर्वांचा समाईक पूर्वज हाच पहिला सजीव, हा नेहमीचा गैरसमजही रूपकातूनच आला आहे. त्या पूर्वजाकडे संकेत, रायबोसोम आणि पटल हे सारे आधीच होते. जीवाची सुरुवात त्याच्याही बरीच आधी झाली.

निष्कर्ष

कोणत्याही प्रयोगशाळेत आजवर निर्जीव रसायनांपासून आपोआप वाढणारा, स्वतःची प्रत काढणारा आणि उत्क्रांत होणारा सजीव तयार झालेला नाही. घटक कसे बनतात, साखळ्या कशा वाढतात, पिशव्या कशा जमतात, ऊर्जा कुठून येते, हे टप्पे सुटेसुटे बरेच समजले आहेत. ते एका जागी आणि एका क्रमाने जुळलेले नाहीत. डबके, सूप, माती, झरा, संकेत आणि बीज यांपैकी प्रत्येक रूपक एखाद-दुसरा टप्पा उजळते आणि बाकीचे अंधारात ठेवते. डबक्याच्या रूपकाने सर्वाधिक प्रयोग दिले, संकेताच्या रूपकाने सर्वाधिक ज्ञान आणि सर्वाधिक गैरसमजही. ‘जीवनाचे रहस्य उलगडले’ अशी बातमी वाचताना वाचकाने तीन गोष्टी विचाराव्यात : रूपक कोणते आहे, त्यातले काय जुळते, आणि काय अजून ठरलेले नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या बातमीत नसेल, तिच्यावर विश्वास ठेवण्याची घाई करू नये.